पी.पी. गोदूबाई

कोपर गाव, डोंबिवली (प.)
१३ जानेवारी १९९७, सोमवार

प्रिय प्रभाकरभाऊजी यांस,

शेवंतीवहिनीचा नमस्कार. उद्या संक्रांत. तिळगूळ पाकिटात घातला तर पोस्टात त्याचा भुगा होईल, म्हणून नुसतंच लिहिते, गोड बोला. गणपतीपासून आपण गोडही बोललो नाही आणि कडूही. शहाड काही लांब नाही, मी येऊ शकले असते. पण दार कोण उघडेल आणि उघडून काय म्हणेल याचा अंदाज येईना.

कलावतीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढउतार कमी कर. माझं बरं आहे. डोळ्यांना चष्मा लागला, त्यामुळे वाचन उलट वाढलंय. वाचनालयातला माणूस म्हणतो, बाई, तुम्ही चौथी शिकलात आणि पुस्तकं बदलायला आठवड्यातून तीनदा येता. मी म्हटलं, चौथीच शिकले म्हणून येते.

लिहायला कारण असं की गोदूबाई नाशिकला लेकीकडे कायमच्या जाणार. जागा विकली. त्यांचा फोन एकतीस तारखेला बंद होतोय. म्हणजे आपला नंबर गेला. तुमच्या भावाने साठ-सत्तर बिल्डिंगांच्या पंपघरांत भिंतीवर लाल ऑइलपेंटने स्वतः रंगवून ठेवलंय, ‘विठ्ठल मोटर वाइंडिंग, कोपर. पी.पी. गोदूबाई’, आणि खाली तो नंबर. फोन शेजारणीचा, धंदा आपला. कुठेही पंप जळला की वॉचमन ती भिंत बघून फोन करतो, गोदूबाई खिडकीतून ‘अगो शेवंती, फोन!’ म्हणून ओरडतात आणि मी हातातली तार टाकून धावते. बारा वर्षं धंदा असाच चाललाय. एक तारखेपासून भिंतीवरचा नंबर कोणालाच लागणार नाही. मला गेले पंधरा दिवस नीट जेवण जात नाही.

म्हणून मी फोनची चौकशी करत फिरतेय. मोबाइल नावाचा एक निघालाय, त्यात दुसऱ्याने फोन केला तरी पैसे आपणच भरायचे. तो विचार तिथेच सोडला. पेजर बरा वाटला. पण तो नुसता किणकिणतो, मग आपण पीसीओ शोधत जायचं, आणि माझे हात व्हार्निशने बरबटलेले असतात. शिवाय अक्षरं इंग्रजी. मी लावून लावून वाचते, पण तोवर वॉचमन दुसरा कारागीर बोलावील.

घरच्या फोनचं काय, असं तुम्ही विचाराल. ते पुढे कधीतरी लिहिते.

तिसरी सोय ठाण्यात आहे. पेपरात जाहिरात होती, कापून ठेवली, तीनदा वाचली आणि शुक्रवारी जाऊन आले. नौपाड्यात एका जिन्यावर एक खोली, लांब टेबलावर ओळीने फोन, प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवलेली. मालू नावाची एकच मुलगी बसलेली. ज्याच्याकडे फोन नाही त्याने महिन्याचे पैसे भरायचे, त्याला तिथला एक नंबर मिळतो. कोणी फोन केला की मालू तुमच्या धंद्याचं नाव घेऊन बोलते आणि वहीत निरोप लिहून ठेवते. आपण दिवसातून तीनदा पीसीओवरून विचारायचं. भाव सगळ्यांत कमी. मी अर्धा तास तिथे बसले होते. तेवढ्यात ती पोरगी ट्रॅव्हल कंपनी झाली, होमिओपॅथीचा दवाखाना झाली, वधूवर मंडळ झाली. मला हसूच आलं.

मग तिने फॉर्म काढला. ‘काकी, धंद्याचं नाव?’ सांगितलं. ‘मालक?’ मी यांचं नाव सांगितलं. ‘साहेबांना कोणी विचारलं तर काय सांगू? बाहेर गेलेत म्हणू की मीटिंगमध्ये? आमचे सगळे साहेब मीटिंगमध्येच असतात.’

भाऊजी, माझं हसू तिथेच थांबलं. मी म्हटलं, ‘बाहेर गेलेत म्हण.’ तिने लिहून घेतलं. मी पैसे न भरताच जिना उतरले.

तुम्हाला हे माहीत आहेच. गणपतीत तुमच्या खात्यातल्या माणसाने पंपासाठी गोदूबाईंकडे फोन केला आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला म्हणाला, तुझा भाऊ बाहेर गेलाय, वहिनी निरोप देते म्हणाली. तुम्ही तसेच निघून आलात आणि गोदूबाईंच्या देखत म्हणालात, ‘वहिनी, माझ्या भावाला फोनवर जिवंत ठेवून धंदा करताय?’ मी दार लावून घेतलं. मला राग आला नव्हता.

ते ठरवून केलेलं नाही. हे असताना दिवसातून दहा वेळा मी तेच सांगत होते, ‘बाहेर गेलेत, काय ते सांगा, निरोप देते.’ ते खरंच कुठल्यातरी पंपघरात असायचे. ते गेल्यावर पंधराव्या दिवशी फोन आला. ‘विठ्ठलशेठ आहेत का?’ माझं तोंड आपोआप बोलून गेलं. मी फोन ठेवला, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली. मग दुसरा फोन, तिसरा. चौदा महिने झाले. यांच्या हाताखालचे चंदूकाका पंप खोलून आणतात, काम होतं, ते परत बसवून येतात आणि शेठचं विचारलं तर ‘हायेत की’ म्हणतात. ज्यांना कळलं त्यांना कळलं. ज्यांना नाही त्यांना मी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. आनंद सबनीस म्हणून गृहस्थ आहेत. आधी डोंबिवलीत होते, आता घोडबंदर रोडला नव्या वसाहतीत सेक्रेटरी झालेत. नऊ बिल्डिंगा, अठरा पंप. वर्षभराचं काम आपल्याला द्यायचं म्हणतात. गेल्या वर्षात त्यांचे चार पंप आपण केले, एकही परत आला नाही. पण कागदावर सही करण्याआधी त्यांना विठ्ठलशेठशी दोन मिनिटं बोलायचंय. मी तीनदा टाळलं. आता म्हणाले, ‘सव्वीस तारखेला रविवारी, झेंडावंदन झालं की अकराला फोन करतो. शेठना घरी थांबायला सांगा. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो.’

तुमचा आवाज अगदी यांच्यासारखा आहे. आई जिवंत असताना त्याही फसायच्या. तुम्ही अकराला गोदूबाईंकडे याल का? ‘हो, काम होईल, बायकोकडे कागद द्या’, एवढंच म्हणायचं. पुन्हा कधी मागणार नाही.

हे काम मिळालं नाही तर चैत्रापर्यंत मला वाइंडिंगचं यंत्र विकावं लागेल.

कलावतीला हे पत्र दाखवू नका.

तुमची,
शेवंतीवहिनी


कोपर गाव
२१ जानेवारी १९९७, मंगळवार

प्रिय प्रभाकरभाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी आहेत, त्यामुळे पाठ झाल्या. ‘भावाला अग्नी मी दिला आहे. त्याच्या नावाने मी बोलणार नाही.’ उघडं कार्ड पाठवलंत, पोस्टमनने वाचलं असणार. असू दे.

तुमचं बरोबर आहे. मी वाद घालायला लिहीत नाही. पण मागच्या पत्रात एक गोष्ट मी चुकवून पुढे गेले, ती आता लिहिते. अकराचा फोन पाच दिवसांवर आलाय आणि मला कोणाजवळ तरी हे बोलून टाकायचंय. चंदूकाकांना माहीत आहे, पण ते म्हणतात, ‘वहिनी, काम दिसतं ना, मंग नाव कोनाचं का असंना.’

तुम्हाला वाटतं, हे गेल्यावर मी वाइंडिंग शिकले. किंवा बाहेरून करून आणते. तसं नाही. हे जाण्याच्या साडेतीन वर्षं आधी यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी चहाची बशी वाजायची. मग एक दिवस तारेचे वेढे मोजता मोजता हात इतका हलला की अर्ध्या तासाचं काम विस्कटलं. मी शेजारी बसून वेढे मोजायला लागले. एका खाचेत किती, तार किती जाडीची, सगळं ते सांगायचे, मी करायची. सहा महिन्यांनी सांगायचीही गरज राहिली नाही. त्यांचं जुनं हँडबुक मी डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. ते दिवसभर बाहेर पंपघरं फिरायचे, लोकांशी बोलायचे, भिंतीवर नाव रंगवायचे. रंगवताना हात हलला तर म्हणायचे, अक्षर वळणदार आलं. घरी मोटर मी करायची.

मला म्हणाले, ‘शेवंते, कोणाला सांगू नको. भावाला तर नकोच.’ मी शब्द दिला.

म्हणजे भाऊजी, लोक ज्याला विठ्ठलच्या हातचं काम म्हणतात ते त्यांच्या शेवटच्या तीन वर्षांत माझ्या हातचं होतं. मी खोटं बोलले ते खरंच. पण त्याची सुरुवात आम्ही दोघांनी मिळून केली होती. ते गेल्यावर मी एकटी उरले आणि ते तसंच चालू ठेवलं.

तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून सांगते. तुमच्या कॉलनीचा खालचा पंप ९४ च्या उन्हाळ्यात जळला होता. यांनी करून आणला. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, माझ्या भावाने केलाय, दहा वर्षं बघायला नको. त्या मोटरचं पंख्याकडचं झाकण काढून बघा. तारांची वेटोळी दोऱ्याने बांधलेली असतात. त्या गाठी बघा. यांना साधी गाठ यायची, तीही ढिली. मी माझ्या बापाकडे जाळं विणायला शिकले, मला दुसरी गाठ येतच नाही. खाडीवर वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता दुसरी चुकवलेली गोष्ट. घरच्या फोनचा अर्ज यांनी ८८ साली भरला होता. आपण सगळे विसरलो होतो. दिवाळीत त्याचा नंबर लागला. पत्र आलं, ‘श्री. विठ्ठल दामाजी तरे, आपल्याला फोन मंजूर झाला आहे.’ सगळ्यांत स्वस्त आणि कायमचा फोन तोच. ते पत्र माझ्या पेटीत पडून आहे. मी ऑफिसात जाऊन विचारलं. तिथला बाबू चांगला होता. म्हणाला, ‘बाई, नावावर करून घ्या, सोपं आहे. अर्ज करा आणि मृत्यूचा दाखला जोडा. मार्चअखेरपर्यंत मुदत आहे.’

दाखला तुमच्याकडे आहे. पालिकेत तुम्हीच गेलात, तुम्हीच सही केलीत, तो तुमच्या कपाटात आहे. मी चौदा महिने तो मागितला नाही. तुम्ही दिला असतात. पण तो हातात आला असता तर मी वाचला असता. मी काहीही हातात आलं की वाचतेच.

म्हणून मी मोबाइल, पेजर आणि मालूच्या खोलीचे हिशेब करत फिरत होते. तुम्हाला वाटलं असेल, वहिनी स्वस्त फोन शोधतेय. दाखला न लागणारा फोन शोधत होते.

रविवारी काय बोलायचं ते मला अजून माहीत नाही.

तुमची,
वहिनी


कोपर गाव
२९ जानेवारी १९९७, बुधवार

प्रिय प्रभाकरभाऊजी,

रविवारी तुम्ही चहा अर्धा टाकून गेलात. ‘येतो वहिनी’ म्हणालात, जिना उतरलात. त्यामुळे तुम्हाला एकाच बाजूचं ऐकू आलं. दुसरी बाजू लिहिते.

तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. पावणेअकराला तुम्ही गोदूबाईंच्या दारात उभे राहिलात, चप्पल काढलीत आणि ‘गाठी पाहिल्या’ एवढंच बोललात. काल कलावती आली होती, तिने बाकीचं सांगितलं. शनिवारी तुम्ही कॉलनीचं पाणी तासभर बंद ठेवलंत, बायका कळश्या घेऊन भांडायला आल्या, आणि तुम्ही पंपघरात बॅटरी धरून एकटेच बसला होता. एक बाई म्हणाली म्हणे, ‘अहो तरे, मोटर बिघडलीय की तुमची पूजा चाललीय?’ कलावती हे सांगताना हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती. मी पत्र दाखवू नका म्हटलं होतं, तरी तिने दोन्ही पत्रं वाचलीत. तेही असू दे.

तर तो फोन. अकराला तीन मिनिटं असताना वाजला. मी उचलला. सबनीस म्हणाले, ‘नमस्कार, शेठ आहेत ना आज?’ मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही उठलात, हात पुढे केलात आणि फोनवर बोलण्याआधी घसा खाकरलात.

भाऊजी, हे नेहमी तसेच खाकरायचे. दोनदा, आणि मग जरा थांबून. मला वाटलं, आता रिसीव्हर दिला तर पुढचा आवाजही तोच येईल, आणि मग मी सोडणार नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा काही कारण काढून तुम्हाला बोलवीन. त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. मला कामासाठी आवाज हवा होता असं मी स्वतःलाही सांगत होते. मलाच तो ऐकायचा होता.

म्हणून रिसीव्हर दिला नाही. तुम्ही हात पुढे करून उभेच राहिलात, त्याबद्दल माफ करा.

मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंत. ‘ते वारले, सबनीससाहेब. ९५ च्या नोव्हेंबरात.’ हे वाक्य मी तोंडाने पहिल्यांदाच म्हटलं. गोदूबाईंनी देव्हाऱ्याकडे तोंड फिरवलं, तेही तुम्ही पाहिलंत.

तिकडे मागे पोरांचं झेंड्याचं गाणं चाललेलं ऐकू येत होतं. मग ते म्हणाले, ‘मग मे महिन्यात आमची मोटर कोणी केली?’ मी म्हटलं, मी. ‘आणि बाकीच्या तीन?’ मी. ‘आणि डोंबिवलीत होतो तेव्हाची?’ त्याला मी सालाप्रमाणे उत्तर दिलं. मला वाटलं, आता बाईमाणूस म्हणून काहीतरी ऐकावं लागेल. त्यांनी तसं काही म्हटलं नाही. जे म्हणाले ते जास्त लागलं. म्हणाले, ‘बाई, काम तुमचं चांगलंच आहे. पण चौदा महिने मी शेठना नमस्कार सांगा म्हणत होतो आणि तुम्ही सांगते म्हणत होता. मी कमिटीसमोर आता कोणावर भरवसा ठेवा म्हणून सांगू?’

यावर मी ‘खरं आहे’ म्हटलं, तेवढं तुम्हाला ऐकू आलं असेल. कमिटीची सभा दहा तारखेला आहे. तोवर कळवतो म्हणाले आणि फोन ठेवला.

तुम्हाला वाटलं असेल काम गेलं, म्हणून तुम्ही निघालात. मलाही तसंच वाटलं होतं. अजूनही माहीत नाही. पण काल दुपारी त्यांच्या वॉचमनचा फोन आला, ‘पांच नंबर का मोटर जल गया, साहब ने बोला बाई को बोलो.’ चंदूकाका टेम्पो घेऊन जाऊन आले. मोटर आता माझ्यासमोर फळीवर आहे. कमिटीचं काय व्हायचं ते होवो, पाच नंबर बिल्डिंगला पाणी लागतंय.

आज सकाळी ठाण्याला जाऊन मालूकडे तीन महिन्यांचे पैसे भरले. घरचा फोन लागेपर्यंत सोय. तिने जुना फॉर्म काढला आणि म्हणाली, ‘काकी, इथे लिहिलंय, साहेब बाहेर गेलेत.’ मी म्हटलं, ‘ते खोड. कोणी विठ्ठलशेठना विचारलं तर ते वारले म्हणून सांग, आणि काम त्यांची बायको करते, चार वर्षं तीच करतेय, असं सांग.’ पोरगी लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, ‘एवढं सगळं फोनवर?’ मी म्हटलं, ‘पहिल्या वेळेला जड जातं. मग जातं तोंडातून.’

येताना लाल ऑइलपेंटचा डबा आणि दोन ब्रश घेतले. उद्यापासून मी आणि चंदूकाका पंपघरं फिरणार. खालचा नंबर आणि पी.पी. गोदूबाई पुसायचं, नवा नंबर घालायचा, घरचा फोन लागला की पुन्हा एकदा फिरायचं. वर यांचं नाव आहे तसंच ठेवणार. त्याखाली माझं लिहिणार. अक्षर यांच्यासारखं वळणदार येणार नाही, माझा हात हलत नाही.

तुमच्या कॉलनीतल्या भिंतीवर मात्र मी हात लावणार नाही. तिथे काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. नवा नंबर या पत्राच्या मागे लिहिलाय.

आता एकच मागणं. आवाज नको. दाखला पाठवा. पोस्टाने नको, हरवेल. तुम्ही स्वतः आणा, किंवा कलावतीबरोबर द्या. आणलात तर मी तुमच्यासमोरच वाचीन, म्हणजे एकटीने वाचावा लागणार नाही. मार्चअखेरची मुदत आहे, पण तेवढं थांबू नका.

गोदूबाईंचा फोन परवापर्यंत चालू आहे. खात्यातून वेळ मिळाला तर एकदा फिरवा. त्या सामान बांधण्यात आहेत, मीच उचलीन. आहेत का म्हणून कोणाला विचारू नका. माझ्याशीच बोला.

तुमच्या दादांची बायको,
शेवंती विठ्ठल तरे
मोटर वाइंडिंग, कोपर